ऐन उन्हाळ्यात गारपीट येणार म्हटल्यावर हातातल्या चार तासांत काय काय करायचं

उन्हाळ्यातल्या गारपिटीचं सगळ्यात वाईट काय असेल तर तेव्हा आपलं घर पावसाला तयारच नसतं. जूनमध्ये असतं, पत्रे ठोकलेले, सरपण आत घेतलेलं, ताडपत्री हाताशी. पण मार्च-एप्रिलमध्ये सगळं उघड्यावर असतं आणि मुद्दाम उघड्यावर असतं कारण आपल्याला ऊनच पाहिजे असतं, खळ्यावर गहू नाहीतर हरभरा, शेतात काढून टाकलेला कांदा, तिकडे हिंगोलीकडे शिजवून पसरलेली हळद, तासगावकडे शेडवर बेदाणा, गच्चीवर कुरडया, आणि लग्नसराईचे मांडव. म्हणजे वर्षभरातली सगळ्यात जास्त कमाई ज्या महिन्यात उघडी पडलेली असते नेमकं त्याच महिन्यात वरून बर्फ पडतो.

आमच्या घरी कांदा आणि द्राक्ष. एका एप्रिलमध्ये वीस मिनिटांत आमचा काढलेला कांदा गेला, आणि ताडपत्र्या नव्हत्या असं नाही, चार होत्या, पण त्या माळ्यावर गाद्यांच्या खाली दाबून ठेवलेल्या आणि सुतळी कुठे होती कुणालाच माहीत नाही. शेवटी आई आणि धाकटे दीर गारांमध्ये ढिगावर प्लास्टिक धरून उभे राहिले, विजा चालू असताना. दोघं वाचले. त्या दिवसापासून हे सगळं मी नीट शिकून घेतलं आणि दरवर्षी फेब्रुवारीत आजूबाजूच्या सगळ्यांना सांगते, आता लिहूनच ठेवते.

आधी एवढं समजून घ्या की हे का होतं, म्हणजे आभाळ वाचता येईल. गार हा थंडीचा प्रकार वाटतो पण तिला लागते उष्णता. जमीन भट्टीसारखी तापली की हवा जोरात वर चढते, त्या वेळी अरबी समुद्र नाहीतर बंगालच्या उपसागरावरून ओलावा आलेला असेल आणि वरच्या थरात उत्तरेकडून थंड हवा घुसली असेल तर ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत उभा वाढतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठायच्या तापमानाखाली जातं, तिथे थेंबाचा बर्फ होतो, तो खाली यायला लागला की खालून येणारा हवेचा झोत त्याला पडू देत नाही, तो तिथेच तरंगत राहतो आणि त्याच्यावर बर्फाचे थर चढत जातात, आणि झोताला पेलवेनासा झाला की पडतो. म्हणजे जितका उकाडा जास्त आणि वरची हवा जितकी थंड तितकी गार मोठी. भर पावसाळ्यात एवढा पाऊस असून गारा का पडत नाहीत त्याचं उत्तरही हेच, तेव्हा जमीन तापलेली नसते आणि वरची हवाही तेवढी थंड नसते.

ही काही नवीन गोष्ट नाही. जगातली सगळ्यात जीवघेणी गारपीट म्हणून जागतिक हवामान संघटनेने जी नोंदवली आहे ती आपल्याच देशातली, ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ माणसं गेली. आपल्याकडे २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट चालली होती, विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, सगळीकडे, एक दिवस नाही, पुन्हा पुन्हा. आणि फक्त उन्हाळ्यातच होतं असंही धरून बसू नका, २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडे थंडीच्या दिवसांत गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. पण मी इथे मुख्यतः उन्हाळ्याचं लिहिते कारण त्यातच माणसं गाफील असतात.

आता कामाचं.

फेब्रुवारीत एक दिवस काढा. ताडपत्र्या खाली काढा, उलगडून उन्हात धरून भोकं बघा, जिथे माल पडणार आहे त्या जागेवरच नेऊन ठेवा, घरी नाही, शेतात. सोबत दोरी कापून ठेवा, प्रत्येक कोपऱ्याला बांधलेली, आणि मातीने अर्ध्या भरलेल्या गोण्या. दगड नका वापरू कारण गारांच्या आधी वारा येतो आणि तो वारा दगडासकट ताडपत्री उचलतो, आम्ही बघितलंय. माल पसरायची जागाही थोडी उंचवट्यावर निवडा आणि कडेने चर काढून ठेवा, कारण बऱ्याच वेळा वरून झाकलेला माल खालून वाहून आलेल्या पाण्याने भिजतो. गोठ्याचे आणि शेडचे पत्रे हलतात का बघा, हुक सैल असतील तर आत्ताच आवळा. घरावर वाकलेल्या वाळक्या फांद्या उतरवा. आणि एका वेळी सगळा माल उघडा करू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणजे जेवढा आपल्याकडच्या ताडपत्रीखाली आणि आपल्याकडच्या माणसांनी अर्ध्या तासात झाकून होईल तेवढाच कांदा काढायचा, बाकीचा दोन दिवसांनी. मजूर मिळत नाहीत, एकदाच टोळी येते, हे सगळं मला माहितीये, तरीपण शक्य असेल तिथे करा.

अंदाजाचं म्हणाल तर हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघायचा, कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी मुंबईचं केंद्र देतं आणि विदर्भासाठी नागपूरचं. पुढच्या चार-पाच दिवसांचा असतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता कृती करा. पण एक लक्षात घ्या, इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो आणि गार पडते दोन-चार गावांवर, त्यामुळे तीनदा इशारा येऊन आपल्या गावात काहीच झालं नाही की माणसं चौथ्यांदा बघत नाहीत, आणि तिथेच घात होतो. इशारा चुकला असं नसतं, शेजारच्या तालुक्यात झालेलं असतं. त्याच दिवसासाठी नाऊकास्ट बघा, तो पुढच्या तीन तासांचा असतो आणि बराच नेमका असतो. विजांसाठी दामिनी ॲप, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आपल्या जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं. घरात दोघांच्या तरी फोनवर पाहिजे, कारण एकाचा फोन नेमका चार्जिंगला असतो.

आणि ॲप नसलं तरी आभाळ सांगतंच. ज्या दिवशी सकाळपासूनच अंगाला चिकचिक होते, नेहमीचा कोरडा चटका नसतो, त्या दिवशी सावध व्हा. अकरा-बाराच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढायला लागले, कडा अगदी ठळक, तर ते वाढतायत. दुपारनंतर त्यांचं डोकं चपटं होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं पसरलं की ढग पूर्ण तयार झाला असं समजा. मग वारा पडतो, पानही हलत नाही, जीव कासावीस होतो. आणि त्यानंतर एकदम उलट्या दिशेने गार वारा येतो, धुळीचा लोट घेऊन. हा वारा अंगाला बरा वाटतो, लोक बाहेर ओट्यावर येऊन बसतात, पण ती ढगातून खाली कोसळलेली थंड हवा आहे, म्हणजे ढग आता डोक्यावर आला. यानंतर हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढीही नाहीत. त्या वेळी नवीन काम सुरू करायचं नाही, जे झालं ते झालं, आत जायचं.

म्हणून मी म्हणते काम दुपारी बाराला सुरू करा, म्हणजे ढग डोक्यावर यायच्या आधी साधारण चार तास हातात मिळतात. ढगांचे गड्डे दिसायला लागले की पहिलं, रानात कोण कोण आहे त्यांना फोन. मेंढपाळांचा वाडा जवळ बसला असेल तर त्यांनाही जाऊन सांगा, उघड्या माळावर मेंढरं गारांनी पटापट मरतात आणि त्यांच्यापर्यंत कुणाचाच इशारा पोचत नाही. गावात शाळा असेल तर गुरुजींना सांगा की मुलांना मध्येच सोडू नका. दुसरं जनावरं, झाडाखालून सोडून गोठ्यात आणा. उन्हाळ्यात आपण सगळी जनावरं सावलीसाठी झाडाखाली बांधतो आणि वीज पडली की दावणीची दावण जाते. तिसरा माल. हा क्रम आपल्याकडे नेहमी उलटा होतो, आधी कांदा, मग बैल, मग माणूस, कारण माल डोळ्यासमोर असतो आणि त्याच्यावर कर्ज असतं, मला ते कळतं हो, पण क्रम हाच ठेवा.

मालात आधी काय झाकायचं हे पण आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. भिजल्यावर जे परत मिळवता येत नाही ते आधी. बेदाणा भिजला की काळा पडतो, भाव गेलाच. शिजवलेली हळद भिजली की बुरशी धरते, रंग जातो. मळलेला गहू-हरभरा पोत्यात भरून आत. कापलेला पण न मळलेला गहू असेल तर पेंढ्या उभ्या रचून वरून झाकला तरी चालतो, तो नंतर वाळवता येतो. उभ्या पिकाला तुम्ही त्या चार तासांत काहीही करू शकत नाही, तिकडे जाऊच नका. द्राक्षबागेवर प्लास्टिक कव्हर टाकलेलं असेल तर त्याचे ताण आदल्या दिवशीच तपासायचे. ढगात तोफ डागून, फटाके फोडून गार फुटते असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका, त्याला शास्त्रीय आधार नाही असं जागतिक हवामान संघटनेनेच स्पष्ट म्हटलंय.

विजेचं वेगळं लिहिते कारण गारेने बहुतेक वेळा जखम होते पण वीज जीव घेते. चमकलं की मोजायला लागा, आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर निघू नका. गारा थांबल्या की लगेच नुकसान बघायला धावतो आपण, आणि पुष्कळ वेळा त्याच वेळी वीज पडते. पक्कं घर चांगलं, काचा लावलेली बंद गाडी चांगली. झाड नाही, चार खांबांवरचं उघडं पत्र्याचं शेड नाही, ट्रॅक्टरवर नाही. द्राक्षवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, बागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी तारा आणि अँगल असतात, वीज त्यांतून धावते, त्यामुळे बागेच्या आत आडोसा घ्यायचा नाही. मोटार बंद करायला स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा नाही, चालू राहिली तर राहू दे. अगदीच उघड्यावर अडकलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं गुडघ्यात, कान झाका, आडवं पडू नका, आणि दोघंतिघं असाल तर लांब लांब बसा. गारांसाठी डोक्यावर घमेलं, पाटी, दुमडलेलं पोतं, जे हाताला लागेल ते, डोकं आणि मान वाचली पाहिजे. लिंबाएवढी गार डोक्यात बसली की माणूस जागेवर आडवा होतो. विजेने पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो हा गैरसमज आहे, अंगात करंट राहत नाही, श्वास नसेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरू करा आणि दुसऱ्याने १०८ लावा.

पत्र्याच्या शेडवरून आठवलं, ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडखाली लोक थांबले होते, शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि ७ जण गेले. लोकांची काही चूक नव्हती, पाऊस आला की माणूस छपराखाली जाणारच. म्हणून जत्रा असो, लग्न असो, गर्दी जमवणाऱ्याने आधीच पक्की इमारत बघून ठेवायची, शाळा, समाजमंदिर, काहीही, आणि गार वारा सुटला की मांडव रिकामा करायचा, पंगत चालू असली तरी. मांडवाचे कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि लोखंडी खांब उपटून घेतं. हे काम वधूपिता करू शकत नाही त्या दिवशी, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, घरातल्या एका तरण्या पोरावर ही जबाबदारी टाका.

शहरात राहणाऱ्यांना वाटतं आपला काय संबंध. १३ मे २०२४ ला मुंबईत दुपारी धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, तो पण हाच उन्हाळी ढगाचा वारा. तेव्हा असा वारा सुटल्यावर बाईक होर्डिंगखाली, झाडाखाली, पुलाच्या तोंडाशी गर्दीत थांबवू नका, दुकान, बँक, कुठल्याही पक्क्या इमारतीत शिरा. गॅलरीतल्या कुंड्या खाली ठेवा, त्या उडून खालच्या माणसावर पडतात. गच्चीवरचं वाळवण आणि सुटे पत्रे बघून घ्या, आणि गच्चीच्या पाईपचं तोंड मोकळं करा, सात महिन्यांचा पाला तिथे अडकलेला असतो आणि गारा पडल्या की पक्का बूच बसतो, पाणी थेट वरच्या मजल्यात.

आता नंतरचं. बाहेर पडताना आधी वर आणि खाली तारा बघा. तार पडली असेल तर लाकडाने वगैरे बाजूला करायला जाऊ नका, माणसं लांब थांबवा आणि १९१२ ला कळवा.

मग काहीही आवरायच्या आधी फोटो. मन लागत नाही फोटो काढायला, पण तेव्हाच काढावे लागतात, गारा अर्ध्या तासात वितळतात. गारेच्या शेजारी नाणं ठेवून एक फोटो, अख्ख्या प्लॉटचा एक, आणि झोडपलेल्या पिकाचे जवळून, फोनचं लोकेशन चालू ठेवून, म्हणजे जागा आणि वेळ फोटोतच येते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात, त्यांना त्याच दिवशी कळवा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर असावं लागतं, २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवर आपल्या पिकाची नोंद, केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही आणि तिथे सगळं अडतं, ती हंगामातच करून ठेवा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून तपासणी झाल्याशिवाय पुरू नका. विम्याबद्दल जपून, २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयावाली योजना गेली आणि पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे काही निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरते, त्यामुळे पूर्वीसारखं फोन केला की सर्व्हे येईल असं धरून बसू नका. फळपिकांच्या विम्यात गारपिटीचं कव्हर वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, ते घेतलं असेल तर ७२ तासांच्या आत कळवायचं. १४४४७ हा हेल्पलाईन नंबर आहे. कळवल्यावर तक्रारीचा नंबर वहीत लिहा, फोन हरवतो.

बागेत गार लागली की घाबरून त्याच संध्याकाळी तीन औषधं एकत्र करून मारू नका. आधी साचलेलं पाणी काढा, मोडलेल्या काड्या आणि फुटलेले घड कापून बागेबाहेर न्या, कारण तडकलेल्या मण्यांवर कूज सुरू होते आणि शेजारच्या चांगल्या घडात जाते. फांद्यांना जखमा झाल्यात म्हणून ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी साधारण करतात, पण काढणी जवळ असेल तर मण्यांवर राहणाऱ्या औषधाच्या अवशेषांचा प्रश्न येतो, माल परत येतो, म्हणून मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा त्या आठवड्याचा सल्ला वाचून मगच ठरवा. आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी उचला, मार लागलेली कैरी पिकत नाही, सडते.

कांद्याच्या बाबतीत मात्र शहाणपण चाळीत भरायची घाई न करण्यात आहे. ताडपत्री तेवढी ऊन पडल्या पडल्या काढा, प्लास्टिकखाली वाफ धरली तर पावसापेक्षा जास्त कांदा तिथेच जातो. भिजलेला कांदा पातळ पसरा, ढीग नको, पात सुकू द्या, मग मान थोडी ठेवून कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवा. गार बसलेला, सालीला चीर गेलेला कांदा वेगळा काढा, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, अजिबात भरायचा नाही, मिळेल त्या भावाला आत्ताच विकून टाका, जीव दुखतो पण एक सडका कांदा आजूबाजूचे वीस घेऊन जातो. आणि जो भराल त्याचाही थर नेहमीपेक्षा कमी उंच ठेवा, आठ दिवसांनी चाळीत मध्यापर्यंत हात घालून बघा, आत ऊब लागली किंवा आंबूस वास आला तर त्याच दिवशी तेवढा कप्पा उपसायचा.